गणपतीची फ्लॉपी

माझ्यावर एक आरोप आहे. तो कोर्टात नाही, त्यामुळे त्यातून सुटकाही नाही. कोर्टात निदान पुढची तारीख तरी मिळते. आरोप करणारी बाई माझ्याच घरात राहते, मला सकाळी चहा देते, आणि चार नातेवाईक जमले की पदर खोचून सुरू होते : "आमच्या लग्नाचं काय विचारता! यांनी कॉम्प्युटरमधी आधीच भरून ठेवलं होतं. फसवून लग्न केलं माझ्याशी."

लोक हसतात. मीही हसतो. लग्न झाल्यापासून मी हे हसणं हसतो आहे, आणि आता त्याने माझे गाल दुखतात.

यंदा वाटूरला हिच्या, म्हणजे साधनाच्या, भाचीची सुपारी फुटली. नवरदेवाकडची मंडळी शिकलेली, पुण्याची. त्यांच्यासमोर ही बोललीच. नवरदेवाचा बाप माझ्याकडे पाहून म्हणाला, "वा! म्हणजे तुम्ही आद्य हॅकर!" सगळा मांडव खदखदून हसला. माझ्या हातातला पेढा तसाच राहिला. मी उभा राहिलो आणि मोठ्या आवाजात जाहीर केलं की, ती फ्लॉपी अजून माझ्या घरात आहे, ती मी उघडणार, आणि दसऱ्याला सगळ्यांसमोर दाखवणार की त्यात मी असं काहीही लिहिलेलं नाही. माझे सासरे कारभारीमामा तिथंच लोडाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "मी येतो दसऱ्याला. पुरण करा."

साधना तेवढी हसायची थांबली. मला वाटलं, वार लागला.

आता प्रकरण काय ते सांगतो. ज्या काळात आमच्या परतुरात कॉम्प्युटर म्हणजे टीव्हीला चिकटवलेलं टाइपरायटर अशी समजूत होती, त्या काळात मी स्टेशन रोडवर 'प्रगत टंकलेखन व संगणक वर्ग' चालवत होतो. आज त्याच जागेत मी झेरॉक्स काढतो, सातबारा काढून देतो आणि शेतकऱ्यांचे अंगठे उमटत नाहीत म्हणून हळहळतो. पण लोक अजून मला 'सर'च म्हणतात. तर त्या काळी गणेश मंडळाला देखावा हवा होता, आणि दरवर्षीची तीच ती हलती सोंड पाहून गाव कंटाळलं होतं. मी बेसिक नावाच्या भाषेत एक प्रोग्राम रचला. पडद्यावर चांदण्यांच्या खुणांचा गणपती उमटायचा, भोंग्यातून आरतीची चाल 'टीं टीं' वाजायची, मग आपलं नाव टाइप करायचं की गणपती रोमन लिपीतल्या मराठीत आशीर्वाद द्यायचा. 'धनलाभ.' 'परीक्षेत यश.' 'प्रवासयोग.' आशीर्वाद चिठ्ठ्या टाकल्यासारखा कुठलाही निघायचा. आमचे शेजारी रायभान तेव्हा एसटीत कंडक्टर होते. त्यांना 'बदली टळेल' असा निघाला आणि महिन्याभरात त्यांची अंबडला बदली झाली. त्यांनी मला अजून माफ केलेलं नाही.

प्रोग्राम मी कागदावर लिहिला. टाइप करून फ्लॉपीवर उतरवला मुलींच्या बॅचने. ही आमच्या वर्गाची पद्धतच होती. गुरूने डोकं चालवायचं आणि शिष्यांनी बोटं. त्या बॅचमध्ये साधना होती. वाटूरहून एसटीने यायची. टायपिंगचा हात चांगला होता, पण मी फळ्यावर शिकवायला लागलो की तिचं लक्ष खिडकीबाहेरच्या रसवंतीकडे. निदान माझं तरी तेव्हा असं मत झालं होतं.

गणपतीत कारभारीमामा मार्केटला आले होते, ते पोरीला घेऊन मंडपात आले. साधनाने आपलं नाव टाइप केलं. भोंगा वाजला. पडद्यावर आलं : 'विवाहयोग आहे. वर परतुरातच. चष्मा आहे.'

मंडपात चष्मा असलेले दोघेच होते. एक मी आणि दुसरे तहसीलमधले अण्णासाहेब. अण्णासाहेबांना तेव्हाच दोन मुलं होती.

कारभारीमामांनी कीबोर्डला हात लावून नमस्कार केला आणि माझ्या चष्म्याकडे पाहिलं. पुढचं सगळं रीतसर झालं. पण खरी गोष्ट मी कुणाला कधी सांगितली नाही ती अशी : 'विवाहयोग आहे' एवढंच माझं होतं. वर परतूरचा, त्याला चष्मा, हे मी लिहिलंच नव्हतं! मी विज्ञानाचा माणूस आहे. तरीही दर चतुर्थीला मी राजूरला गणपतीच्या पायावर डोकं ठेवून येतो, आणि कोणी विचारलं तर भोकरदन तालुक्यात काम होतं असं सांगतो. देवाने ज्याच्यासाठी कॉम्प्युटरमध्ये दोन ओळी घातल्या, त्याने एवढं करायला नको का? मग ती फ्लॉपी मी इतकी वर्षं उघडून का पाहिली नाही? देवाची तपासणी करायला मन धजेना, हे एक. आणि नंतर तो कॉम्प्युटरच बंद पडून माळ्यावर गेला, हे दुसरं.

आमची तृप्ती पुण्याला कॉम्प्युटरच्याच नोकरीत आहे. तिला फोन केला तर ती आनंदाने ओरडलीच. तिच्या ओळखीची काही मंडळी म्हणे जुन्या कॉम्प्युटरांवरची मराठी सॉफ्टवेअरं शोधून जपून ठेवतात. "पप्पा, नुसती फाइल कॉपी करू नका. डिस्क इमेज काढायची."

"म्हणजे फोटो?"

"फोटो नाही. ठसा. फ्लॉपीवर जे जे आहे ते सगळं, रिकाम्या जागेसकट, जसंच्या तसं एका फाइलमध्ये उतरवायचं. त्यातलं काही वगळता येत नाही आणि बदलता पण येत नाही. मी एक सर्किट पाठवते. जुना ड्राइव्ह त्याला जोडा आणि ते लॅपटॉपला जोडा."

'वगळता येत नाही' हे मी मुद्दाम फोन स्पीकरवर टाकून साधनाला ऐकवलं. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "तो डबडा दसऱ्याच्या आधी भंगारात गेला पाहिजे. माळ्यावर पाय ठेवायला जागा न्हाई. ठसे काढून राह्यले म्हणे!"

तिचा विरोध मला माझ्या विजयाची नांदी वाटला.

पार्सल घरी आलंच नाही. जालन्याच्या कुरिअर ऑफिसातून फोन आला की, वस्तूचं वर्णन समजत नाही, येऊन खुलासा करा. मी निघालो तर अण्णासाहेब बरोबर आले. ते तहसीलमधून निवृत्त झाले आहेत, पण तहसील त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. काउंटरवरच्या साहेबांनी खोक्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय आहे? ड्रोनचा पार्ट आहे का?"

"फ्लॉपी वाचायचं सर्किट आहे."

"फ्लॉपी म्हणजे?"

मी हाताने चौकोन करून दाखवला. साहेबांनी पापडाएवढा अंदाज बांधला असावा. म्हणाले, "खाद्यपदार्थाचं डिक्लेरेशन वेगळं लागतं." मी चिडायच्या बेतात होतो, अण्णासाहेबांनी मला मागे ओढलं. "सर, तुम्ही बिलकुल बोलू नका. तोंडी बोललेलं ऑफिसला ऐकू येत न्हाई." त्यांनी खिशातून कोरा कागद काढला आणि तिथल्या तिथं अर्ज लिहिला. विषय होता : 'श्रीगणपती वाचण्याच्या यंत्राचा ताबा मिळणेबाबत.' खाली 'भाविकांच्या भावना लक्षात घेता' असं एक वाक्य घातलं. साहेबांनी अर्ज वाचला, इकडेतिकडे पाहिलं, आणि पार्सल दोन्ही हातांनी माझ्या हवाली केलं. त्यांनी पायातली चप्पल काढली होती की काय, ते बाहेर पडताना मला नीट दिसलं नाही.

कॉम्प्युटर माळ्यावरून उतरवताना सगळी गल्ली मदतीला आली. मदत म्हणजे सल्ला. रायभान खाली उभं राहून "हां, येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होते, एसटी रिव्हर्स घेताना म्हणायचे तसं. ड्राइव्हला वीज पाहिजे म्हणून मी जुन्या कॉम्प्युटरची पिन भिंतीतल्या बोर्डात घातली. आधी काही झालं नाही. मग फाट् असा आवाज आला, पांढऱ्या धुराचा लोट निघाला आणि अख्ख्या गल्लीची लाइट गेली. नळाला पाणी आलं होतं आणि घरोघरच्या मोटारी चालू होत्या. त्या सगळ्या एकदम गप्प झाल्या. त्या शांततेत समोरच्या वंदनाताईंचा आवाज आला : "सरांच्या घरून झालं वाटतं!" कोणी खात्रीही करून घेतली नाही.

मग दुकानातल्या चालू कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय उपसून आणावा लागला. आता दिवस होते अनुदानाच्या केवायसीचे. दुकान बंद दिसल्यावर लोक घरी येऊ लागले, आणि आत मी जुनं यंत्र उघडून बसलेला पाहून त्यांनीच कारण शोधून काढलं. दुसऱ्या दिवशी गावात पक्की बातमी होती की, सर सरकारच्या जुन्या याद्या बाहेर काढून राह्यले, ज्याचं नाव सुटलं त्याचं निघणार. वाटूरचे, आष्टीचे लोक आधार कार्डं घेऊन ओट्यावर बसले. मी गणपतीचा आशीर्वाद शोधतोय असं सांगितलं, तर एक म्हातारे म्हणाले, "मंग आमचं बी बघा की त्याच्यात."

तरीही ड्राइव्ह फिरला. मी पेटीतल्या जुन्या फ्लॉप्या एकेक करून घालू लागलो. मुख्य फ्लॉपीला हात लावण्याआधी यांच्यावर हात बसवू, असा विचार. लॅपटॉपवर प्रत्येक फ्लॉपीचा नकाशा उमटायचा : जे वाचलं गेलं ते हिरवं, जे गेलं ते लाल. पहिल्या फ्लॉपीत हिरव्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत लाल पट्टा आला. दुसरीतही तसाच. तिसरीत, चौथीतही. सगळ्या फ्लॉप्या एकाच अंगाने गेलेल्या! तृप्तीने ते नकाशे आपल्या मंडळींना दाखवले. ती मंडळी जगभरच्या फ्लॉप्या हाताळलेली. त्यांनी असा रोग कधी पाहिला नव्हता. हा परतूरच्या हवेचा परिणाम असावा का, यावर त्यांच्यात म्हणे चर्चा सुरू झाली.

मी एक फ्लॉपी खिडकीपाशी नेऊन पाहिली. जुन्या मोठ्या फ्लॉपीच्या काळ्या पाकिटाला एक लांबट भोक असतं. त्यातून आतली तबकडी उघडी दिसते आणि यंत्र तिथूनच वाचतं. त्या भोकात, तबकडीवर, आधी पिवळं आणि त्यावर लाल असं बोट उमटलेलं होतं. वर अक्षतेचा एक दाणा.

दसऱ्याला शस्त्रांची पूजा असते. शेतकरी पाभर पुजतो, शिंपी मशीन पुजतो, आम्ही कॉम्प्युटर पुजायचो. आणि आमच्या आईचा, केशरबाईंचा, नियम असा की, हळदकुंकू देवाच्या कपड्याला लावायचं नाही, अंगाला लावायचं. फ्लॉपीचं अंग तेवढ्याच जागी उघडं, आणि ते भोक बोटाच्या मापाचं! आईने दरवर्षी एकेका फ्लॉपीला प्रेमाने, न चुकता, बराबर तिथंच बोट टेकवलं होतं. वर्गात मुलींना 'त्या भोकाला बोट लावायचं नाही' असं बजावणारा मी त्या वेळी शेजारी उभा राहून घंटी वाजवत होतो.

तृप्तीने उपाय सांगितला : शुद्ध अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा. मी मेडिकलवर जाऊन तशी बाटली मागितली. दुकानदाराने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, घरी काही टेन्शन आहे का?" मी घरी पोचायच्या आत ही बातमी साधनापर्यंत पोचली होती. रायभान म्हणाले, अल्कोहोल कशाला, मेंढीची मऊ लोकर घ्या, आमच्या आज्यापासून नाजूक काम लोकरीनंच. ते घेऊनही आले. लोकरीने कुंकू निघालं नाही, पण लोकर ड्राइव्हमध्ये गेली आणि ड्राइव्ह शिंकल्यासारखा आवाज करू लागला. ती चिमट्याने काढण्यात एक अख्खी दुपार गेली. रायभान वर म्हणाले, "माझी बदली टळली असती तर ही लोकर बी तुमच्या नशिबी आली नसती."

आता उरली खरी फ्लॉपी. ती देवघरात होती. ज्यात देव बोलला ती वस्तू पेटीत कशाला, म्हणून आईने तिला गणपतीच्या मूर्तीमागे उभी केली होती. म्हणजे बाकीच्यांना वर्षातून एकदा कुंकू, आणि हिला रोज! आई गेल्यावरही तिथून कोणी तिला हलवली नव्हती. कुंकवाच्या थराखाली लेबल कुठलं नि भोक कुठलं, कळत नव्हतं. मी हात घालणार तर अण्णासाहेब ओरडले, "सर! देवघरातली वस्तू अशी उचलतात का? आधी उत्तरपूजा करा." केली. अक्षता टाकल्या, 'पुनरागमनाय च' म्हटलं, आणि फ्लॉपी हलवली. दोन दिवस स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी ती कापसाने पुसत होतो. साधना मागे उभी राहून बघायची. एकदाच म्हणाली, "कशाला एवढा जीव टाकून राह्यले? सोडून द्या की."

"माझ्या इज्जतीचा प्रश्न आहे," मी म्हणालो. खरंच होता. एका माणसावर आयुष्यभर खोटा आळ असेल आणि तो हसण्यावारी जात असेल, तर त्याने करावं तरी काय? आळ रागाने घेतलेला असता तर भांडता तरी आलं असतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली. तृप्ती व्हिडिओ कॉलवर, रायभान आणि अण्णासाहेब खुर्च्यांवर, मी उभा. लाल लाल लाल, मग थोडं हिरवं. "पप्पा, काही तुकडे मिळाले! अक्षरं येताहेत!" तृप्ती म्हणाली. आम्ही सगळे पडद्यावर वाकलो. ए एस डी एफ. ए एस डी एफ. सेमीकोलन एल के जे. सेमीकोलन एल के जे. पानंच्या पानं तेच.

तो टायपिंगचा पहिला धडा होता. देवाचा त्यात पत्ताही नव्हता. आमच्या घरात रोज सकाळी ज्याला नैवेद्य दाखवला जात होता, ते दोन्ही हातांच्या बोटांचं व्यायामपत्रक होतं. रायभान इतके हसले की खुर्चीवरून घसरले. अण्णासाहेबांनी मात्र गंभीरपणे विचारलं, "मग आता उत्तरपूजेचं काय? ती चुकीच्या व्यक्तीची झाली."

मी लॅपटॉप मिटला. सगळे गेल्यावर ओट्यावर येऊन बसलो. खरी फ्लॉपी कधी, कुठे हरवली देव जाणे. उद्या कारभारीमामा येणार, वाटूरची माणसं येणार, आणि मी त्यांना ए एस डी एफ दाखवणार. मला खरंच रडू यायच्या बेतात होतं. साधना चहा घेऊन आली. मी म्हणालो, "भंगारवाल्याला फोन कर. सगळं घेऊन जा म्हणावं. आणि उद्या लोकांना सांग, मीच भरलं होतं. तू म्हणतेस तसंच. मिटलं."

ती चहा तसाच ठेवून आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, डांबरगोळ्यांचा वास आला. परत आली तेव्हा तिच्या हातात लग्नातला शालू होता, आणि त्या शालूच्या घडीत एक फ्लॉपी. काळीभोर, पांढऱ्या पाकिटात, डाग नाही, अक्षता नाही.

"हिला कुंकू लावू दिलं न्हाई मी," ती म्हणाली. "त्या भोकाला बोट लावायचं नसतं. तुम्हीच शिकवलं होतं ना वर्गात."

"ही... ही तुझ्याकडं कशी?"

"लग्न होऊन आले तवाच बदलली. सासूबाई कुंकू लावायला लागल्या होत्या, म्हन्लं खराब होऊन जाईल. त्यांना दुसरी ठेवली. एवढं काय बघून राह्यले माझ्याकडं? लावा की तुमच्या त्या मशीनला."

मी लावली. नकाशा हिरवागार आला, एक ठिपकाही लाल नाही. मी प्रोग्राम उघडला. माझे आशीर्वाद एकापाठोपाठ एक दिसले : धनलाभ, प्रवासयोग, बदली टळेल. आणि सगळ्यात शेवटी, माझ्या कागदावर कधीच नसलेली ओळ. नाव साधना असेल तर छाप : 'विवाहयोग आहे. वर परतुरातच. चष्मा आहे.'

तिच्या खाली आणखी एक ओळ होती. बेसिकमध्ये 'रेम' असं लिहून पुढे काहीही लिहिलं तरी यंत्र ते वाचत नाही. ती टीप माणसांसाठी असते. हेही मीच शिकवलं होतं, रसवंतीकडे बघणाऱ्या मुलींना. तिथं लिहिलं होतं : 'रेम. गणपतीबाप्पा, सरांना कळू देऊ नको.'

मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ओळ तशीच होती. मागे वळलो तर साधना शालूची घडी घालत होती. ती मुळात नीटच होती.

"मग मला का बदनाम करत होतीस इतकी वर्षं?"

"आधी भ्या वाटायचं. आपण कुणाचं नाव घेतलं न्हाई तर लोक माझ्याकडंच बघतील. लग्नाआधी बाबांना कळलं असतं तर बारावीच्या आतच लग्न लावून दिलं असतं दुसरीकडं." घडी पुन्हा मोडत ती म्हणाली, "मंग सवय लागली."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या! मला राग यायला पाहिजे होता आणि मी तो आणण्याचा प्रयत्नही केला. पण खरं सांगतो, मला इतका आनंद झाला होता की तो येईना. इतकी वर्षं मला वाटत होतं की देवाने मला निवडलं. देवाचं काय, तो कुणालाही निवडतो. रायभानलाही त्याने अंबडला निवडलं होतं. पण हिने निवडलं होतं. खिडकीतून रसवंतीकडे बघता बघता.

दसऱ्याला ओटा भरला. कारभारीमामा धोतर सावरत आले, मी वाकून त्यांना सोनं दिलं. पुरणपोळ्या झाल्या. मग सगळ्यांच्या नजरा लॅपटॉपकडे वळल्या. रायभान म्हणाले, "काय सर, निघालं का काही? का ए एस डी एफच?"

पुरावा माझ्यासमोर मिटून ठेवलेला होता. झाकण उघडलं की मी निर्दोष. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. साधना चौकटीला धरून उभी होती, आणि ऐंशी पार केलेल्या बापापुढे तिचा चेहरा पार शाळकरी मुलीसारखा झाला होता. त्यात काहीच नव्हतं, देवानेच केलं, असंही म्हणता आलं असतं. पण तसं म्हटलं तर मी सुटलो असतो आणि ती खोटी ठरली असती.

"निघालं," मी म्हणालो. "मीच भरलं होतं."

ओट्यावर एकच कल्ला झाला. अण्णासाहेब म्हणाले, मला तेव्हाच संशय होता. रायभान म्हणाले, "म्हंजे बदलीचं बी तुम्हीच!" आणि ज्या बाईसाठी मी हा आळ रीतसर अंगावर घेतला, ती दारातून पुढं आली आणि पदर खोचून म्हणाली, "बघा! इतकी वर्षं मी काय सांगून राह्यले? कुणी खरं मानत नव्हतं माझं!"

मी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी गणपतीचा कौल म्हणून मुलगी दिली होती. त्यांचं काय होईल याचीच मला धास्ती होती. कारभारीमामांनी शांतपणे पान तोंडात टाकलं. "मंग? देव काय सोता टायपिंग शिकायला जातो का? कुणाच्या तरी हातानंच लिहून घेईल ना."

साधनाने झटकन मान खाली घातली आणि मला न विचारता माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. वर तूप जास्त.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी इमेज पुण्याला पाठवली. तृप्तीचा लगेच फोन आला. आधी ती नुसतीच हसत होती, मग नाक ओढल्याचा आवाज आला, मग म्हणाली, "पप्पा, प्रोग्राम कुणी लिहिला म्हणून कुणाचं नाव टाकू?"

"दोघांचं टाक."

साधना शेजारीच निवडायला मेथी घेऊन बसली होती. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "पाठवली? सगळी?"

"इमेज आहे. त्यात वगळता येत नाही काही."

"ती शेवटची ओळ पण?"

"ती पण. जपून ठेवणार आहेत ते. आपण गेल्यावरही राहील."

ती मेथीची पानं खुडत राहिली. "राहू द्या मंग," ती म्हणाली. "पुण्याची माणसं कशाला परतुरात येऊन राह्यली सांगायला." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "चष्मा पुसा तुमचा. घाण झालाय."